कोठी भरली ती रात्र

माझ्या जुन्या डायरीच्या पहिल्या पानावर दोनदा अधोरेखित केलेली एक ओळ आहे : ‘नुसतं डॉलर-पी कधीही मारायचं नाही.’ ती मला काकांनी लिहायला लावली होती. काका म्हणजे आमच्या मेनफ्रेमच्या (मोठ्या कंपन्यांच्या मध्यवर्ती संगणकाच्या) टीममधले सगळ्यांत जुने सिस्टीम प्रोग्रामर. जेसीएलच्या, म्हणजे मशीनला कामाच्या सूचना द्यायच्या भाषेच्या, ओळीला ते शेवटपर्यंत ‘कार्ड’च म्हणायचे. “त्या डीडी कार्डात बघ गं, चूक तिथेच असणार.” पंचकार्डं जाऊन जमाना झाला, पण जेसीएलची ओळ अजून त्या कार्डाएवढीच, ८० रकान्यांची. त्यामुळे त्यांचं काही चुकत नव्हतं.

तर डॉलर-पी. जेस-टू म्हणजे मेनफ्रेमवर येणारे जॉब, म्हणजे कामं, घेणारा आणि त्यांचं आउटपुट सांभाळणारा प्रोग्राम. त्यात या कमांडपुढे जॉबचा नंबर दिला, तर तेवढा एक जॉब त्याच्या आउटपुटसकट पुसला जातो. नंबर न देता एंटर दाबला, तर अख्खं जेस-टू नवं काम घेणं थांबवतं. घाईत बोट कधी एंटरवर पडेल याचा नेम नसतो, म्हणून ती ओळ पहिल्या पानावर. ती खरी उपयोगी पडली जानेवारी २०१४ मध्ये, एका रात्री पावणेतीनला.

तेव्हा मी हिंजवडीत रात्रपाळीला होते. काम युरोपातल्या एका विमा कंपनीच्या मेनफ्रेमचं. मशीन तिकडे, आम्ही इकडे. रात्री त्या मशीनच्या खोलीत कोणी माणूस नसायचा, दिवेसुद्धा बंद. हिवाळ्यात तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले दीड. दीडला बॅच सुरू व्हायची : दिवसभराचे हप्ते, दावे, कमिशन, सगळ्यांची गोळाबेरीज. तिकडे सकाळी सातला, म्हणजे आपल्या साडेअकराला, शाखांचं ऑनलाइन काम सुरू व्हायचं. त्याच्या आत बॅच संपलीच पाहिजे.

त्या रात्री दीडला बॅच वेळेवर सुटली. दोन वाजून गेल्यावर मी कॅंटीनला गेले. चहा झाला, कॅबवाल्यांच्या तक्रारींवर गप्पा झाल्या आणि पावणेतीनला परत आले. बराच वेळ काही टाइप न केल्यामुळे माझं टीएसओ सेशन, म्हणजे मशीनवर बसून काम करायची माझी जोडणी, ५२२ या कोडने उडालं होतं. त्यात विशेष काही नाही, रोजचंच. पुन्हा लॉगॉन केलं, पासवर्ड दिला, एंटर मारला. स्क्रीनच्या तळाला एक्स आणि त्याच्या शेजारी ते छोटं घड्याळ आलं. म्हणजे ‘थांबा.’ थांबले. घड्याळ जाईना.

पहिला संशय नेटवर्कवर. पाच मिनिटं त्यातच घालवली. व्हीपीएन तोडलं, जोडलं, दुसरं सेशन उघडलं. लॉगॉनचा पडदा झटकन यायचा आणि पासवर्डनंतर सगळं गार. मग शेजारच्या रांगेतल्या अ‍ॅप्लिकेशनच्या मुलाला विचारलं, “तुझं चालतंय का रे?”

“हो की, मी आत्ताच एक फाइल एडिट केली.”

खरं तर इथेच ट्यूब पेटायला हवी होती. जे आधीपासून आत आहेत त्यांचं चालू आहे आणि नवीन कुणालाच आत जाता येत नाही, हे नेटवर्कचं लक्षण नव्हे. पण माझी ट्यूब पेटायच्या आत ऑपरेशन्सच्या खोलीतून फोन आला. “मॅडम, बॅच पुढे सरकत नाहीये. आणि कन्सोलवर लाल अक्षरांत हॅस्प ३५५ येऊन बसलाय.”

हॅस्प ३५५ हा जेस-टूचा मेसेज : स्पूल व्हॉल्यूम्स आर फुल.

स्पूल म्हणजे लग्नघरातली कोठीची खोली समजा. आलेला नारळ-गूळ तिथेच जातो, पंगतीला निघालेली बुंदीची परात तिथूनच निघते, आहेराची भांडीसुद्धा तिथेच. मेनफ्रेमवर कुठलाही जॉब आला की त्याचं जेसीएल आधी स्पूलवर जातं आणि त्याचे सगळे मेसेज, रिपोर्ट, छापील ओळी तिथेच जमा होतात. मी टीएसओला लॉगॉन करते, तेही जेस-टूच्या दृष्टीने एक कामच. त्यालाही कोठीत वीतभर जागा लागते. कोठी गच्च भरली की आतले आत अडकतात, बाहेरचे दारात उभे. मशीन बंद पडत नाही, कुठे स्फोट होत नाही. नुसतं सगळं थिजतं.

आमचं स्पूल आठ व्हॉल्यूमचं, म्हणजे आठ डिस्कचं होतं, ३३९० मॉडेल-९ चं. एका व्हॉल्यूमवर १०,०१७ सिलिंडर, प्रत्येकात १५ ट्रॅक, ट्रॅकवर ५६,६६४ बाइट. हिशेब केला तर व्हॉल्यूममागे साडेआठ जीबी, एकूण ६८ च्या आसपास. आज कुणाच्याही मोबाइलमध्ये याहून जास्त जागा असते, हे मला माहीत आहे. पण एरवी त्यातली साठ टक्केच वापरात असायची.

मी ऑपरेशन्सच्या खोलीत धावले. भिंतीलगत एक वेगळा पीसी होता, त्यावर दोन सेशन्स कायम उघडी असायची. ती टीएसओतून जात नाहीत. मशीनमधल्या एका कार्डातून, ओएसए-आयसीसीमधून, थेट ऑपरेटर कन्सोलला जोडलेली असतात. लॉगॉन नाही, स्पूल नाही. घराचं पुढचं दार तुंबलं तरी मागच्या अंगणातून आत शिरावं तसं. एरवी सिस्टीम प्रोग्रामर त्या पीसीकडे ढुंकूनही बघत नाहीत, सगळे जण टीएसओत बसून एसडीएसएफच्या, म्हणजे जॉब आणि त्यांचं आउटपुट दाखवणाऱ्या पडद्यांच्या, सोयीने काम करतात. मलाही त्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून दोन वर्षं झाली होती.

तिथूनच काकांना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

“काका, सॉरी, झोपमोड केली. स्पूल भरलंय. ३५५ आलाय.”

“कुणी भरलं?”

“अजून बघितलं नाही.”

“मग आधी बघ. आणि हे बघ, काहीही मारायचं नाही. बघायच्या कमांड दे, मारायच्या नको. आलोच मी लॅपटॉपवर. पण मला तरी लॉगॉन कुठलं मिळतंय, नाही का? बरं, तू टाइप कर, मला वाचून दाखव.”

डॉलर-डी-स्पूल दिलं. आठही व्हॉल्यूमपुढे शंभर टक्के आणि खाली हॅस्प ६४६ची ओळ : शंभर टक्के स्पूल वापरात. मग कोण किती जागा अडवून बसलंय ते विचारलं. पाच टक्क्यांहून जास्त खाणारे जॉब दाखव, अशी कमांड असते. एकच नाव आलं. हप्त्यांच्या बॅचमधला एक छोटासा जॉब, जो रोज चार मिनिटांत संपतो. त्या रात्री १ वाजून ३४ मिनिटांनी सुरू झाला होता आणि एकट्याने ३६ टक्के स्पूल गिळून बसला होता.

“सापडला,” मी म्हटलं. “कॅन्सल करते.”

“थांब. तो आत्ता काय करतोय?”

“काही नाही. जागेसाठी थांबलाय.”

“बरोबर. आता त्याला मारलंस तर मरताना त्यालाही दोन ओळी लिहायच्या असतात. कुठे लिहिणार? अडकला तर अर्धमेला पडून राहील आणि तुला अजून त्रास. आधी थोडी जागा कर, मग त्याला हात लाव.”

हे मला खरोखर सुचलं नसतं. रनबुकात, म्हणजे अडचणीत काय करायचं त्या सूचनांच्या पुस्तकात, लिहिलं होतं की एक राखीव व्हॉल्यूम तयार ठेवलेला आहे, तो स्पूलला जोडावा. बघितलं तर तो व्हॉल्यूम सहा महिन्यांपूर्वीच दुसऱ्या कामाला लावलेला. रनबुकाला पत्ताच नाही. काका फोनवर नुसतं “हं” म्हणाले. त्या ‘हं’मध्ये बरंच काही होतं.

मग टक्केवारी खाली आणून पुन्हा यादी मागवली. एक टक्क्यापेक्षा जास्त जागा घेणारे चार-पाच जॉब. त्यात आमच्याच टीमने गेल्या आठवड्यात चालवलेल्या एका चाचणीचं आउटपुट होतं, तीन टक्के, कुणाला नको असलेलं. तेवढंच पुसायचं ठरलं. जॉब नंबर पाच आकडी. त्याच्याच वरच्या ओळीवर जवळजवळ तसाच दुसरा नंबर, फक्त शेवटचे दोन आकडे उलटसुलट. आणि तो वरचा होता वार्षिक पावत्यांचा, जो अजून छापायला जायचा होता.

“मोठ्याने वाच,” काका म्हणाले.

वाचला. त्यांनी परत म्हणून दाखवला. ऑपरेशन्सच्या मुलाने पडद्यावर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचला. थंडीतही माझ्या तळव्यांना घाम होता. डॉलर, पी, जे आणि पाच आकडे. एंटरच्या आधी एकदा डायरीतली ती ओळ डोळ्यांपुढून गेली. नंबर टाइप झालाय ना? झालाय. एंटर.

तीन टक्के मोकळे झाले. कन्सोलवर लगेच चुळबुळ सुरू झाली, कारण अडकलेले सगळेच त्या जागेवर तुटून पडणार होते, आणि सगळ्यांत पुढे तोच खादाड. आता मात्र घाई हवी होती. त्याला डॉलर-सीने कॅन्सल केलं आणि मागे पी जोडला, म्हणजे तोही जाईल आणि त्याचं आउटपुटही. पाच-सहा सेकंद काही नाही. मग तो २२२ने, म्हणजे कॅन्सल झाल्याच्या कोडने, गेला. स्पूलचा आकडा मी दर अर्ध्या मिनिटाला विचारत होते : ९७, ९१, ७८, ६४.

आणि मग सिग्नल सुटल्यावर युनिव्हर्सिटी चौकात होतं तसं. चाळीस मिनिटांचे अडलेले मेसेज एकदम पडद्यावर धो धो. सीआयसीएसचे, म्हणजे ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, दोन रीजन आपला लॉग लिहिता येत नाही म्हणून खोळंबले होते, ते आपोआप पुढे सरकले. माझ्या टेबलावरचं, मी अर्धवट सोडून आलेलं लॉगॉनसुद्धा पूर्ण झालं होतं. घड्याळ गेलं होतं. ३ वाजून २२ मिनिटं.

पुढचं काम तसं सरळ होतं, फक्त लांबलचक. त्या जॉबचा प्रोग्राम कोबॉलमधला. वाचायची फाइल शनिवार-रविवारी लांबवली होती, रेकॉर्ड ४०० बाइटचा ४२० झाला होता, आणि हा एक प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा राहिला. त्यामुळे फाइल उघडतानाच ३९ हा स्टेटस आला : लांबी जुळत नाही. तो कुणी तपासलाच नाही. मग प्रत्येक वाचनाला ४७ : फाइल उघडलेलीच नाही. प्रोग्रामचा लूप थांबायची अट एकच, स्टेटस १०, म्हणजे फाइल संपली. न उघडलेली फाइल संपणार कशी? दर फेरीला तो इमानेइतबारे एक ओळ लिहीत होता : ‘वाचनात चूक ४७’. सेकंदाला हजारो ओळी, तासाहून जास्त वेळ. वेळेच्या मर्यादेने तरी तो ३२२ होऊन मेला असता, पण जॉब कार्डावर टाइम १४४० टाकलेलं, म्हणजे मर्यादाच नाही. कुठल्या तरी जुन्या जॉबवरून कॉपी केलेलं. जेसीएल कुणी लिहीत नाही, सगळे जण कॉपी करतात. पहिलं जेसीएल कुणी लिहिलं असेल, हा आमच्यातला जुना विनोद.

अ‍ॅप्लिकेशनच्या ऑन-कॉल मुलाने प्रोग्राम कंपाइल करून दिला, सव्वापाचला जॉब पुन्हा सुटला, बॅच संपायला ११:५५ झाले. शाखा २५ मिनिटं उशिरा उघडल्या. रात्री मी ज्याला ‘निभावलं’ म्हणत होते, ते ग्राहकाच्या भाषेत पी-वन, म्हणजे सगळ्यांत गंभीर दर्जाचं प्रकरण होतं.

तरी मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू. सकाळी सगळे पाठ थोपटत होते. अहवाल लिहायला बसले आणि सवयीने सिसलॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडून मिनिटामिनिटाची नोंद काढायला लागले. १:३४, जॉब सुरू. २:४१, हॅस्प ३५५. आणि दोन्हींच्या मध्ये, २ वाजून ६ मिनिटांनी, हॅस्प ०५० : टीजीएसची टंचाई, ८० टक्के वापर.

टीजीएस म्हणजे ट्रॅक ग्रुप, म्हणजेच स्पूलची जागा. कोठी भरायला आली, असं जेस-टूने ३५ मिनिटं आधी सांगितलं होतं. लॉगमध्ये होतं, कन्सोलवर नव्हतं. का नव्हतं?

कारण मला माहीत होतं. वाचता वाचताच कानशिलं गरम झाली.

नोव्हेंबरात हाच ०५० रोज रात्री यायचा. पण तेव्हा टंचाई होती जेओईजची. प्रत्येक जॉबच्या आउटपुटच्या गठ्ठ्यामागे जेस-टू एक चिठ्ठी ठेवतं, त्या चिठ्ठ्या रात्री ८० टक्क्यांवर जायच्या आणि पहाटे पुन्हा खाली यायच्या. धोका काही नव्हता, पण ऑपरेशन्सची मुलं रोज दोनला मला फोन करायची. खरा उपाय म्हणजे चिठ्ठ्यांची संख्या वाढवणं. त्याला चेंज, म्हणजे बदलाचा रीतसर अर्ज, टाकायचा, चेकपॉइंटमध्ये, म्हणजे जेस-टूच्या नोंदींच्या फाइलमध्ये, जागा आहे का बघायचं, ग्राहकाची मंजुरी घ्यायची. त्यापेक्षा मी पार्मलिबमधल्या (सिस्टीमच्या सेटिंग्जमधल्या) एमपीएफच्या यादीत, म्हणजे कुठले मेसेज कन्सोलवर दाखवायचे नाहीत त्या यादीत, एक ओळ घातली : हॅस्प ०५० दाबा, ऑटोमेशनलाही देऊ नका. एक सेट कमांड दिली, यादी लागू. मंजुरी नाही, रीस्टार्ट नाही, फोन बंद. मुलांनी मला थँक्यू म्हटलं होतं.

मी तेव्हा ध्यानातच घेतलं नाही की ०५० हा एका टंचाईचा नंबर नाही. जेस-टूकडचं काहीही कमी पडायला लागलं, चिठ्ठ्या असोत, जॉबच्या नोंदी असोत, बफर असोत की स्पूलची जागा, मेसेजचा नंबर एकच. फरक फक्त पुढच्या शब्दात. आणि एमपीएफची यादी नंबर बघते, पुढचा शब्द बघत नाही. गल्लीतलं कुत्रं रोज भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधलं आणि ज्या रात्री चोर आला त्या रात्रीही ते बांधलेलंच होतं.

(जाता जाता : या मेसेजांना हॅस्प का म्हणतात, हे मला पहिल्या वर्षी कोडं होतं. ह्यूस्टन ऑटोमॅटिक स्पूलिंग प्रायॉरिटी. १९६०च्या दशकात नासाच्या ह्यूस्टन केंद्रासाठी आयबीएमच्या लोकांनी लिहिलेला प्रोग्राम. पुढे त्याचंच जेस-टू झालं. सासरी नाव बदललं, पण मेसेजांच्या कपाळावर माहेरचं नाव तसंच राहिलं.)

मी काकांना खाली चहाच्या टपरीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ ग्लास हातात फिरवत राहिले.

“यादीत ओळ घालताना कॉमेंट टाकलीस?”

“हो. तारीख आणि माझा आयडी.”

“चांगलं केलंस. आता तेच कॉलवर वाचून दाखव. कुणी शोधून काढायच्या आधी.”

संध्याकाळी ग्राहकाबरोबर कॉल झाला. अहवालाच्या दुसऱ्या पानावर मी ती ओळ कॉमेंटसकट चिकटवली होती. पलीकडून एकच प्रश्न आला : याला मंजुरी कुणी दिली होती? मी म्हटलं, कुणीच नाही. मग जी शांतता झाली, तेवढी मोठी शांतता मी आजवर कुठल्याही कॉलवर ऐकलेली नाही. ओरडलं कुणी नाही. मॅनेजरांनी नंतर मला केबिनमध्ये बोलावलं, ते इथे लिहीत नाही.

त्यातून ठरलेल्या गोष्टींपैकी दोन माझ्याकडे आल्या. पहिली, ओळींच्या मर्यादेची. आमच्याकडे जॉबने ठरलेल्यापेक्षा जास्त ओळी लिहिल्या, तर जेस-टू नुसता हॅस्प ३७५ द्यायचं आणि जॉब चालू ठेवायचं. सेटिंग होतं पर्याय क्रमांक ०. ते बदलून पर्याय क्रमांक १ केला, म्हणजे मर्यादा ओलांडली की जॉब ७२२ने खलास. त्याआधी तीन आठवडे बसून कुठले जॉब खरोखरच एवढ्या ओळी लिहितात याची यादी काढावी लागली, नाहीतर वार्षिक पावत्याच मेल्या असत्या. कंटाळवाणं काम. पण तेवढ्या यादीतून मला त्या सिस्टीमची जी ओळख झाली, ती आधीच्या चार वर्षांत झाली नव्हती.

दुसरी, हॅस्प ०५०ची. ती ओळ यादीतून काढली आणि ऑटोमेशनमध्ये नियम घातला : ०५०च्या मजकुरात टीजीएस असेल तर लाल मेसेज, घंटा आणि माझ्या फोनवर एसएमएस. बाकी टंचाया नेहमीसारख्या कन्सोलवर.

ओळ काढली त्याच रात्री दोनला ऑपरेशन्सचा फोन. “मॅडम, तो परत आलाय. जेओईज, ८० टक्के.”

यावेळी मी चेंज टाकला. चेकपॉइंटमध्ये जागा भरपूर होती, बघायला दहा मिनिटं लागली. मंजुरीला चार दिवस. पाचव्या रात्री कन्सोलच्याच पीसीवर बसून डॉलर-टीने चिठ्ठ्यांचा आकडा वाढवला, एका ओळीची कमांड, आणि ऑपरेशन्सच्या मुलाला म्हटलं, “बघ रे, दोनला येतो का.”

दोन वाजले, सव्वादोन झाले. तो म्हणाला, “नाही आला. चहाला जाऊ या?”

मी म्हटलं, “तू जा. मी थांबते.”